युरिया म्हणजे विषच? अर्धंच खरं
युरिया पोटात गेला की जनावर मेलंच, हे गावोगाव ऐकायला मिळतं. नुसता युरिया जास्त चाटला किंवा त्याचं पाणी पिलं तर दगावू शकतं, त्यात वाद नाही. पण प्रक्रिया केलेल्या चाऱ्याची गोष्ट वेगळी. १०० किलो भुसा घ्यायचा, ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, तुडवून प्लास्टिकखाली हवाबंद ठेवायचा २१ दिवस. उघडल्यावर अमोनियाचा असा भपकारा येतो की डोळ्यात पाणीच, तो उडू द्यायचा मगच गव्हाणीत टाकायचं. कोठीपोटातले (गायीच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जंतू चाऱ्यात मुरून राहिलेल्या अमोनियातूनच प्रोटीन बनवतात आणि पुढे गाय त्या जंतूंनाच पचवते, म्हणून पेंडीचा खर्च थोडा वाचतो. सहा महिन्यांखालच्या वासराला मात्र नकोच, त्याचं कोठीपोट अजून तयार नसतं.