ग्रॅनाइट कुठे फुटायचा, हे डोंगरच ठरवतो

इटलीच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी माज्जोरे सरोवर आहे. त्याच्या काठावरच्या बावेनो गावामागच्या डोंगरातून गुलाबी ग्रॅनाइट निघतो आणि तोचे नदीपलीकडच्या मोंतोर्फानोतून पांढरा. दोन्ही खाणींत अंतर जेमतेम काही किलोमीटरांचं, दगडांचं वयही सारखंच, सुमारे २८ कोटी वर्षं. बावेनोचा गुलाबीपणा फेल्डस्पार या खनिजामुळे येतो. त्याच्या स्फटिकांत लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण अडकलेले असतात.

म्हणजे हा दगड आल्प्सपेक्षा कितीतरी जुना. शिलारस जमिनीखाली थिजून त्याचा ग्रॅनाइट झाला तेव्हा आल्प्सचा पत्ताच नव्हता. पुढे भूखंडांची टक्कर होऊन पर्वत उभे राहिले, पण बावेनो-मोंतोर्फानोचा पट्टा एका मोठ्या भ्रंशरेषेच्या, म्हणजे जिथे खडक तुटून सरकतात अशा रेषेच्या, दक्षिणेला होता, म्हणून फारसा न चेंगरता वाचला. रेषेच्या उत्तरेला, तोचे नदीच्याच ओस्सोला खोऱ्याच्या वरच्या भागात, साधारण त्याच काळातल्या ग्रॅनाइटचं नशीब एवढं बरं नव्हतं. तो खोल दाबला गेला, तापला, त्यातलं अभ्रक एका दिशेत आडवं झालं आणि त्याचा नाइस नावाचा पट्टेदार खडक बनला. तिथे त्याला ‘सेरित्सो’ म्हणतात. व्यापारी मात्र तोही बिनदिक्कत ग्रॅनाइट म्हणून विकतात; दुकानात भूविज्ञान चालत नाही!

नाइसला पदर असतात, ग्रॅनाइटला दिसत नाहीत. तरी मुरलेला पाथरवट दगड पाहून सांगतो, की हा या बाजूने सहज फुटेल आणि त्या बाजूने छळेल. यात जादू काही नाही. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झ या खनिजाच्या कणांत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकाच दिशेला असतात. त्या दिशेने भोकांची रांग पाडायची, प्रत्येक भोकात पोलादाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या मधोमध पाचर बसवायची. मग रांगेतल्या पाचरांवर आळीपाळीने घण घालायचा. एकाच पाचरेवर जोर काढला तर चीर वाकडी जाते. पाचरा घट्ट होत जातात तसा घणाचा आवाज बदलतो, आणि कारागीर त्या आवाजावरूनच पुढचा घाव किती जोराचा ते ठरवतो.

आता बरंचसं काम हिऱ्याच्या तारेने होतं. आत एकमेकांना मिळणारी दोन भोकं पाडून त्यांतून पोलादी तार ओवतात. तारेवर हिऱ्याची भुकटी जडवलेले मणी असतात. तार वेगाने फिरते, दगड कापला जातो आणि वरून पाण्याची धार सोडलेली असते. पाणी तार थंड ठेवतं, शिवाय धूळ बसवतं. क्वार्ट्झची ही धूळ फुप्फुसांत साचली की सिलिकोसिस हा आजार होतो, म्हणून पाणी तोडून चालत नाही.

पण तार कितीही चांगली असली तरी ठोकळा केवढा निघणार, हे तिच्या हातात नसतं. वरचे थर झिजून गेले, हिमनद्यांनी खोरी कोरली, तसं खालच्या दगडावरचं ओझं उतरलं. तो किंचित फुगला आणि उताराला समांतर तडकत गेला. अशा दोन तड्यांमध्ये जेवढा अखंड दगड सापडेल तेवढाच ठोकळा. मोंतोर्फानोत असे मोठे अखंड तुकडे मिळाले, म्हणूनच १८२३च्या आगीत जळालेलं रोमचं सेंट पॉल बॅसिलिका हे चर्च पुन्हा बांधताना तिथले ८० खांब याच दगडाचे घडवता आले.

बाकी उरतो तो ढिगारा. खाणीतून फुटलेल्या दगडाचा मोठा हिस्सा चिरा पडलेला, वाकडा किंवा डागाळलेला असतो आणि वर्षानुवर्षं तो उतारावर लोटला जायचा. बावेनो आणि मोंतोर्फानोचे असे जुने ढिगारे आता दळून त्यांतलं फेल्डस्पार वेगळं काढतात. अभ्रकातलं आणि इतर गडद खनिजांतलं लोह फरशी भाजल्यावर तिचा रंग बिघडवतं, पण ही खनिजं किंचित चुंबकीय असल्याने जबरदस्त चुंबकांनी बाजूला ओढता येतात. उरलेली पांढरी भुकटी फरशा बनवणारे कारखाने विकत घेतात.