इंजिन बंद पडणं वेगळं, स्टॉल वेगळा

मुंबईहून अल्ट्रालाइट, म्हणजे एक-दोन जणांचं हलकं विमान, शिकायला जाणारे बरेच जण स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं असंच धरून चालतात. पण स्टॉल होतो तो पंखाचा. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन साधारण १५ अंशांपुढे गेला की वरच्या बाजूचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल एकदम घटते. इंजिन तेव्हा पूर्ण ताकदीने चालूही असू शकतं.

इंजिन बंद पडलं तर पंख शाबूत असतो. ग्लाइडचं प्रमाण ८ ला १ धरलं, म्हणजे १ मीटर खाली येताना ८ मीटर पुढे, तर वारा नसताना ३०० फुटांवरून सुमारे ७३० मीटर सरळ जाता येतं. म्हणून तेवढ्या टप्प्यात मोकळी जागा नसेल तिथे उडायचंच नाही. मुंबईच्या दाट वस्तीवर अशी जागा मिळणं कठीण. तिथे पोलिसांचे बंदी आदेश आणि विमानतळांची हद्द या गोष्टी आहेतच.

जीव जातो तो बहुधा इंजिन बंद पडल्यावर स्टॉलमध्ये शिरल्यामुळे. जुहूच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पश्चिमेला झेपावलेल्या छोट्या विमानासमोर समुद्र असतो. २०० फुटांवर इंजिन गेलं की मागे वळायचा मोह होणारच. अल्ट्रालाइट वजनाने हलकं आणि वाऱ्याला अडणारं, त्यामुळे नाक वर ठेवलं तर वेग दोन-तीन सेकंदांत ओसरतो. त्यातच उंची राखत तीव्र वळण घेतलं, तर सरळ उडताना ताशी ६० किलोमीटरला होणारा स्टॉल ४५ अंशांच्या कलात ७१ला आणि ६० अंशांत ८५ला होतो. वळण लवकर उरकायला त्याच दिशेचा रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) जास्त दाबला की आतला पंख आधी पडतो आणि स्पिन, म्हणजे गिरक्या खात कोसळणं, सुरू होतं. २०० फुटांत त्यातून सावरता येत नाही.

म्हणून आधी नाक खाली, मग विमानाच्या पुस्तिकेतला ग्लाइडचा वेग, आणि समोर दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांच्या आत जी जागा दिसेल तिथे उतरायचं, पाणी असलं तरी. थ्री-ॲक्सिस, म्हणजे नेहमीच्या शेपटीवाल्या विमानात नाक खाली आणायला स्टिक पुढे ढकलतात. ट्राइकमध्ये, म्हणजे पंखाखाली टांगलेल्या तीनचाकी अल्ट्रालाइटमध्ये, बार स्वतःकडे ओढतात. दोन्ही उडवणाऱ्याने ही हालचाल जमिनीवर बसून घोटलीच पाहिजे, घाईत हात जुन्या सवयीनेच चालतो.

रोटॅक्स ही इंजिन बनवणारी कंपनी आपल्या अल्ट्रालाइट इंजिनांच्या पुस्तिकेत स्पष्ट बजावते की इंजिन अचानक बंद पडू शकतं. इंधनाची जबाबदारी तरीही पायलटचीच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, रोटॅक्स ९१२ला मर्यादा १० टक्क्यांची. टाकीच्या तळातून नमुना काढून पाणी तपासा. दमट हवेत २५ अंश तापमानातही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, हे मुंबईकराला सहसा पटत नाही.

स्टॉल मात्र पूर्णपणे पायलटच्या हातातला. थ्रॉटल उघडण्याआधी मोठ्याने म्हणा: ‘५०० फुटांखाली इंजिन गेलं, तर मागे वळायचं नाही.’ शेजारच्या सीटवरच्यालाही ते ऐकू द्या, आणि त्याचे पाय रडरपासून दूर आहेत ना, ते बघा.