मिनीमूगला जास्तीचा एलएफओ कशाला? थोडी पार्श्वभूमी

वडसा-ब्रह्मपुरीकडं झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवणाऱ्याचा डावा हात बघा कधी, रात्रभर कीबोर्डाच्या डाव्या कडेला सूर हलवायचं जे चाक असतं त्यापाशीच असतो. सनईचा टोन लावला आन् सूर हललाच नाही तर कोण ऐकणार. आपल्या आजच्या कीबोर्डात हे हलणं चिपमध्येच भरून येतं, त्यामुळं जुना अ‍ॅनालॉग सिंथ (सिंथेसायझर, व्होल्टेजवर सूर तयार करणारं वाद्य) खोलून लोक त्यात वेगळा एलएफओ (सूर हलवणारं सर्किट) बसवतात म्हटलं की आपल्याकडचे पोरं विचारतात, काऊन भाऊ, त्यात नव्हता का? मिनीमूग या १९७० च्या अमेरिकन सिंथमध्ये खरंच नव्हता.

सुरुवात १९६४ ची. बॉब मूगनं अमेरिकेत मॉड्युलर सिंथ बनवला, म्हणजे वेगवेगळे डबे आन् ते जोडायच्या वायरी. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर, असा साधा हिशोब. मग एका ओसिलेटरचा, म्हणजे सूर तयार करणाऱ्या सर्किटचा, वेग सेकंदाला पाच-सहा फेऱ्यांवर आणला तर तो कानाला ऐकू येत नाही, पण त्याचा व्होल्टेज दुसऱ्या ओसिलेटरला दिला की सूर थरथरतो, आवाज गाळणाऱ्या फिल्टरला दिला की आवाज उघडतो-मिटतो. एलएफओ म्हणजे एवढंच, हळू चालणारा ओसिलेटर. मॉड्युलरमध्ये आणखी एक पाहिजे तर आणखी एक डबा घ्या, खिशाचं तेवढं बघा! अशी एक सिस्टीम १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) पण आली, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं तिथं स्टुडिओ उभा करून दिला, म्हणजे मिनीमूग बाजारात यायच्या आधीच मूग भारतात पोचला होता, हे लय लोकांना माहीतच नाही.

पण कपाटाएवढी वस्तू स्टेजवर कोण नेणार. मूगच्या कारखान्यात बिल हेमसॅथ नावाच्या इंजिनीयरनं पडलेले सुटे भाग जोडून एक छोटा नमुना केला आन् त्यातूनच १९७० चा मिनीमूग झाला. वायरी गेल्या, सगळं आतून जोडलेलं, ४४ पट्ट्या, डाव्या बाजूला दोन चाकं, एक सूर ओढायला आन् एक मॉड्युलेशनला. ओसिलेटर तीन. आता वेगळा एलएफओ द्यायच्या ऐवजी तिसऱ्या ओसिलेटरलाच एक स्विच दिला, कीबोर्डपासून तोडा, रेंज 'लो' वर करा, झाला एलएफओ. नाटकात एकाच नटाला दोन पार्ट देतात तसं, दोघं एकाच प्रवेशात नाही आले तोवर निभतं. तीन ओसिलेटरचा जाड आवाज पाहिजे आन् त्यात थरथर पण पाहिजे म्हटलं की अडलं, कारण थरथर घेतली की आवाजाला दोनच उरतात.

माझ्या मते तेव्हा ही काटकसर बरोबरच होती. पण १९७२ ला एआरपी या दुसऱ्या कंपनीचा ओडिसी सिंथ आला, ओसिलेटर दोनच पण एलएफओ वेगळा, आन् मिनीमूगवाल्यांना आपली उणीव दिसाया लागली.

मग मॉडिफिकेशन सुरू झाले. सर्किट म्हणाल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला जमण्यासारखं, दोन ऑपअँपचं (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपचं) काम, एक इंटिग्रेटर (व्होल्टेज हळूहळू चढवणारा-उतरवणारा) आन् एक श्मिट ट्रिगर (ठराविक व्होल्टेजला पलटणारा), त्यातून त्रिकोणी आन् चौकोनी दोन्ही वेव्ह निघतात. सप्लाय मिनीमूगचाच, अधिक-उणे १० व्होल्ट, त्यावर भार नावालाच पडतो. खरा प्रश्न तो सिग्नल घुसवायचा कुठं हा. मागच्या बाजूला ओसिलेटर आन् फिल्टरचे इनपुट जॅक आहेत, त्यातून बाहेरचा एलएफओ देता येतो, पॅनलला हातही लावायची गरज नाही, पण मग तो सिग्नल चाकातून जात नाही, म्हणजे कंप सतत चालूच, सुराच्या शेवटी हळूच वाढवायचा म्हटलं तर डावा हात मोकळाच राहतो. वाजवणाऱ्याला हे कसं चालंल? म्हणून आत शिरावं लागतं. मॉड्युलेशन मिक्सचा जो नॉब आहे त्याच्या एका टोकाला तिसरा ओसिलेटर, दुसऱ्या टोकाला नॉइज, म्हणजे नुसता खरखराट; त्या नॉइजच्या जागी स्विच टाकून एलएफओ आणायचा, मग तो आपोआप चाकाखाली येतो.

एक गोष्ट आपल्या भागापुरती. तिसरा ओसिलेटर मोकळा झाला म्हणजे तिन्ही सुरात ठेवायचं काम वाढलं, आन् जुने अ‍ॅनालॉग ओसिलेटर गरमीनं सरकतात. ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको. एलएफओ स्वतः थोडा सरकला तरी कोणाला कळत नाही म्हणा.

असं खोलून वाढवणं फक्त मूगचंच नाही, रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथला ऑस्ट्रेलियात रॉबिन व्हिटलनं १९९३ पासून 'डेव्हिल फिश' नावाचं मॉडिफिकेशन करून दिलं. मूग कंपनीनं २००२ च्या व्हॉयेजर या नव्या सिंथमध्ये वेगळा एलएफओ दिला, आन् २०१६ ला जुना मॉडेल डी, म्हणजे मूळ मिनीमूगच, पुन्हा काढला त्यात तर नॉइजच्या टोकाला स्विच लावून एलएफओ बसवला, म्हणजे बाहेरच्या मेकॅनिकांची जी जागा तीच कंपनीची पण. जुना असली पीस ज्याच्याकडं आहे तो मात्र आता पॅनलला छिद्र पाडायला धजत नाही, भाव पडतो. तो मॉड्युलेशन मिक्सच्या नॉबखाली असा पोटेन्शिओमीटर (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) टाकतो, जो बाहेर ओढला की स्विचचं काम करतो, आन् काढलेला जुना पुडीत बांधून ठेवतो.