गोड्या पाण्यातील शिंपल्यांची पिल्ले व पाण्याची तापमानवाढ

नद्या, ओढे व तळी यांच्या तळाशी राहणाऱ्या युनिओनिडा गणातील शिंपल्यांचा सर्वांत नाजूक काळ म्हणजे बालपण. पाणी तापू लागले की मोठा फटका याच वयाला बसतो. उत्तर अमेरिकेत या शिंपल्यांच्या सुमारे 300 जाती आहेत. इतकी विविधता जगात अन्यत्र नाही, आणि त्यांतल्या बहुसंख्य जाती आज संकटात आहेत. या विषयावरचे महत्त्वाचे प्रयोगही प्रामुख्याने तिथेच झाले.

मादी कल्ल्यांत अंडी वाढवून ग्लोचिडियम नावाचे डिंभ, म्हणजे अळीसारख्या अवस्थेतले जीव, पाण्यात सोडते. ते ठरावीक जातींच्या माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही आठवडे, काही जातींत महिनोन् महिने, परजीवी म्हणून राहतात. माशावरून गळून पडणारे पिल्लू बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ते वाळूत पुरून घेते, पायावरच्या रोमकांनी, म्हणजे अतिसूक्ष्म केसांनी, अन्नकण ओढते आणि वाहून जाऊ नये म्हणून चिकट धाग्याने खड्यांना धरून राहते. मोठा शिंपला कवच घट्ट मिटून वाईट दिवस काढू शकतो. पिल्लाजवळ तेवढा ऊर्जेचा साठा नसतो.

पिल्ले किती उष्णता सोसतात हे ठरवताना सहसा निम्मी पिल्ले मरतात ते तापमान मोजले जाते. अमेरिकेतील अनेक जातींवर केलेल्या 96 तासांच्या चाचण्यांत ते सरासरी 35 अंश सेल्सिअसच्या आसपास आले. हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण उन्हाळा चार दिवसांत संपत नाही. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या वरच्या खोऱ्याच्या संदर्भात तीन जातींची पिल्ले 28 दिवस ऊन पाण्यात ठेवली, तेव्हा हीच मर्यादा सुमारे 25 ते 30 अंशांवर उतरली. नदीचा विचार करताना दुसऱ्या आकड्यालाच अधिक वजन द्यायला हवे.

मरणाच्या कितीतरी आधी हानी सुरू होते. तापमान वाढले आणि पाणी आटले की काही जातींचे वाळूत पुरून घेणे मंदावते, धागा सोडणेही कमी होते. उघड्यावर राहिलेले पिल्लू प्रवाहाच्या किंवा माशांच्या हाती लागते. प्रयोगशाळेच्या नोंदीत ते जिवंत असते, नदीत मात्र जगत नाही.

उष्णता एकटी येत नाही. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना साधारण 7.5, नेमकी तेव्हाच पिल्लाची गरज वाढलेली असते. सांडपाणी व खतांतून येणारा अमोनियाही गरम पाण्यात अधिक विषारी ठरतो. त्याचा घातक, आयनरहित (विद्युतभार नसलेला) भाग 20 अंशांवरून 30 अंशांवर गेल्यास जवळपास दुप्पट होतो. शिंपल्यांची पिल्ले अमोनियाला विलक्षण संवेदनशील असल्याने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2013 मध्ये गोड्या पाण्यातील अमोनियाचे निकष अधिक कडक केले.

यजमान माशावरही सारे अवलंबून असते. युरोपातला मोतीशिंपला शंभर वर्षांहून अधिक जगतो, पण त्याचे डिंभ फक्त अटलांटिक सामन आणि ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांवर वाढतात. मासे थंड वरच्या भागाकडे सरकले, तर खालच्या पात्रातील शिंपल्यांना पिल्ले होणे थांबते. युरोपातील कित्येक नद्यांत आज म्हातारे शिंपलेच उरले आहेत. तिथे गाळ व पोषकद्रव्यांचा अतिरेक ही मुख्य कारणे असली, तरी तापलेले पाणी त्यांत भर घालते. शिंपले दिसतात म्हणून नदी निरोगी समजणे हा घातक गैरसमज आहे. मोजणीत पिल्ले सापडली पाहिजेत.

सगळी ऊब वाईट नसते. थंड प्रदेशात मोतीशिंपल्याच्या पिल्लांना वाढीसाठी उबदार उन्हाळा लागतो. उलट, धरणाच्या तळातून सोडलेल्या अतिथंड पाण्यामुळे अमेरिकेतील कोमट नद्यांतल्या जातींचे प्रजनन खुंटल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातील नद्या-तळ्यांत आढळणाऱ्या, मोत्यांच्या शेतीसाठी पाळल्या जाणाऱ्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीला अमेरिकी आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ऑक्सिजन, अमोनिया व आटणारे पात्र यांचे गणित मात्र तिलाही लागू पडते. काठावरची झाडे राखणे, उन्हाळ्यात किमान प्रवाह ठेवणे आणि सांडपाणी रोखणे हे उपाय दोन्हीकडे सारखेच उपयोगी आहेत.