चेरीचा बहर, द्राक्षाचा डोळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या रस्त्यांकडेला आणि कॉलेजांच्या आवारांत निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी लगडतात, आणि ‘आपल्याकडचा चेरी ब्लॉसम’ म्हणून फोटो फिरू लागतात. ते झाड असतं उंदीरमारीचं, म्हणजे गिरिपुष्पाचं. मूळ मध्य अमेरिकेतलं, शेंगा धरणारं. चेरी मात्र गुलाबाच्या कुळातली.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चौकात योशिनो या जपानी जातीच्या चेरी आहेत. बहुतेक वर्षी मार्चच्या उत्तरार्धात त्या साऱ्या एकदम फुलतात. योशिनोची झाडं कलमानं वाढवतात, त्यामुळे सगळी आनुवंशिकदृष्ट्या एकच. हवा बदलली की सगळी सारखीच वागतात. त्यांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि हिवाळाभर सुप्त राहतात. साधारण 7 अंशांखालच्या थंडीचे पुरेसे तास मिळाले की सुप्तावस्था संपते, आणि पुढच्या उबेत कळी उमलते.

आपल्या द्राक्ष बागायतदाराला हे गणित चांगलंच ठाऊक आहे. द्राक्षवेलही मूळची थंडीत सुप्त राहणारी. निफाडचा पारा थंडीच्या लाटेत पहाटे 5 अंशांखाली उतरला, तरी दुपारी पुन्हा चांगलंच ऊन असतं. थंडीचे तास साठत नाहीत. म्हणून गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, काडीवरच्या डोळ्यांना (सुप्त अंकुरांना) हायड्रोजन सायनामाइड लावतात. (ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नयेच.) थंडीनं जे केलं असतं ते हे रसायन करतं आणि डोळे एकसारखे फुटतात. त्या डोळ्यात घडाची जुळणी एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच, म्हणजे नव्या काड्या वाढवण्यासाठीच्या छाटणीनंतरच, झालेली असते. चेरीच्या कळीसारखीच, कित्येक महिने आधी! मला हे साम्य फार विलक्षण वाटतं. गिरिपुष्पाला मात्र थंडीचा हिशेब लागत नाही. कोरड्या दिवसांत पानं गळतात आणि फुलं येतात.

क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. 2021 साली तिथे 26 मार्चलाच पूर्ण बहर आला, तोवरच्या साऱ्या नोंदींतला सर्वांत लवकरचा. वसंत लवकर तापतो म्हणून असं होतं. पण हिवाळाच उबदार झाला तर थंडी अपुरी पडते आणि कळ्या रेंगाळतात. जपानच्या दक्षिण टोकाकडच्या कागोशिमात उबदार हिवाळ्यानंतर बहर लांबल्याचं दिसलं आहे, उत्तरेकडची थंड शहरं आधी फुलून गेली तरीही.