जुन्या प्लास्टिक विमान-किटचं स्क्रॅच डिटेलिंग

स्क्रॅच डिटेलिंग म्हणजे विकत आणलेल्या प्लास्टिक मॉडेल-किटमध्ये जे पार्ट दिलेलेच नाहीत, किंवा दिलेत पण नुसते ओबडधोबड ठोकळे आहेत, ते प्लास्टिक शीट, तार, फॉइल असल्या कच्च्या मालातून हाताने बनवून बसवायचे. तयार रेझिन पार्ट किंवा फोटो-एच केलेल्या (रसायनाने कोरून कापलेल्या) पितळी पट्ट्या आणून चिकटवल्या तर त्याला हे नाव देत नाहीत, आणि दुसऱ्या किटचे पार्ट उचलून लावले तर ते किटबॅशिंग. प्रत्यक्षात एकाच मॉडेलमध्ये तिन्ही प्रकार सर्रास सापडतात आणि त्यात काही बिघडत नाही.

हे काम बहुतेक १/७२ स्केलवर चालतं. सहा फुटाचा माणूस एक इंच होतो, असं साधं गणित. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात स्कायबर्ड्सच्या लाकडी मॉडेलांनी हे माप रुळवलं, १९३६ मध्ये फ्रॉगच्या पेंग्विन किटांनी तेच प्लास्टिकमध्ये आणलं, आणि १९५३ मध्ये एअरफिक्सने आपलं पहिलं विमान म्हणून स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान काढलं ते साधारण याच मापात. तेव्हाची ही किटं प्लास्टिकच्या पिशवीत, वर कागदी पट्टी स्टेपल करून, ब्रिटनमधल्या वूलवर्थच्या दुकानांतून विकली जायची आणि लहान पोरांनी एका दुपारी जोडून टाकावीत एवढीच अपेक्षा होती. त्यामुळे कॉकपिटमध्ये फरशी नाही, दोन खुंट्यांवर टेकवलेला पायलट, चाकांच्या खोबणी उथळ, काच भिंगासारखी जाड, आणि अंगभर उठलेले रिव्हेट. खऱ्या विमानाच्या मापाने धरले तर त्यातले काही रिव्हेट बटाट्याएवढे होतील.

मग असलं जुनं किट घ्यायचं कशाला, नवीन किट चांगली मिळतात की! एक कारण सरळ आहे, जुनी स्वस्तात मिळतात, कुणाच्या तरी माळ्यावर, गल्फमधून कधीकाळी आलेल्या खेळण्यांच्या पेटीत पडलेली असतात. दुसरं कारण म्हणजे जुन्या किटचा साचा बाहेरून पुष्कळदा बरा असतो, आकार आणि लांबीरुंदी जवळपास बरोबर, फक्त आत काहीच नसतं. रिकामी जागा भरायला हरकत नाही, पण आकारच चुकलेला असेल तर त्या किटवर वेळ घालवू नये. स्पिटफायर मार्क १ चे पंख ११.२३ मीटर म्हणजे १/७२ ला १५६ मिमी, लांबी ९.१२ मीटर म्हणजे जवळपास १२७ मिमी. फूटपट्टी लावून हे दोन आकडे आधी बघावेत, मग ब्लेड हातात घ्यावं.

मराठवाड्याचा आणि या विमानांचा संबंध

वरवर बघता औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), परभणी, बीडचा आणि स्पिटफायरचा काय संबंध असं वाटेल, पण आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाने ब्रिटिशांना विमानांसाठी पैसा दिला होता. पहिल्या महायुद्धात ११० नंबरच्या स्क्वॉड्रनला त्याच्या देणगीतून डीएच-९ए विमानं मिळाली, त्यातलं एफ१०१० हे विमान आजही लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये आहे आणि त्यावर निजामाच्या देणगीची ओळ लिहिलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात १५२ (हैदराबाद) स्क्वॉड्रन आणि २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वॉड्रन अशी दोन नावं आली. १५२ कडे स्पिटफायर होती, १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे जर्मनीविरुद्धच्या हवाई लढाईत, ती डॉर्सेटमधल्या वॉर्मवेलहून उडायची, अंगावर यूएम ही कोड अक्षरं आणि स्क्वॉड्रनच्या बिल्ल्यात चक्क निजामाची पगडी. २५३ कडे हरिकेन होती, कोड एसडब्ल्यू. हैदराबादच्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांचा शेतसाराही जायचा, म्हणजे त्या विमानांच्या एखाद्या रिव्हेटला आपल्या पणजोबांच्या ज्वारीचा पैसा लागला असेल, असं म्हणायला जागा आहे.

दुसरी बाजू म्हणजे सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, त्यात भारतीय हवाई दलाची हॉकर टेम्पेस्ट विमानं वापरली गेली. मॅचबॉक्स कंपनीचं जुनं १/७२ टेम्पेस्ट किट यासाठी चालतं. मराठवाड्यातल्या मॉडेलरने शेल्फवर यूएम कोडची स्पिटफायर आणि शेजारी हवाई दलाची टेम्पेस्ट ठेवली तर त्या दोन विमानांतच इथला अर्धा इतिहास बसतो. नुसती बॉक्सवर छापलेली मार्किंग लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आधी पातळ करायचं

नवखा माणूस डिटेलिंग म्हटलं की पार्ट वाढवायला घेतो. जुन्या किटचा खरा रोग जाडी हा आहे. किटच्या पंखाची मागची कड ०.७ मिमी असेल तर खऱ्या विमानात ती ५ सेंटिमीटर झाली, आणि स्पिटफायरचा पंख तर पातळपणासाठीच नावाजलेला! म्हणून पंखाचे दोन्ही भाग चिकटवायच्या आधी आतल्या बाजूने मागच्या कडेकडे घासून घ्यायचे, सपाट काचेवर १८० नंबरचा पाणीपेपर ठेवून, मग ४००, आणि कड धारदार व्हायला आली की थांबायचं कारण पुढे भोक पडतं. चाकांच्या झडपा, रेडिएटरची तोंडं, एक्झॉस्टची टोकं, कॉकपिटची कड, सगळ्यांना हाच नियम. एवढं एकच काम नीट केलं आणि एकही नवा पार्ट लावला नाही तरी मॉडेल वेगळं दिसतं, आणि उलट जाड्याभरड्या पंखावर वीस बारीक पार्ट लावले तरी ते खेळणंच राहतं.

उठलेल्या पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेषा, घासून काढायच्या आणि त्या जागी कोरायच्या, हा पुढचा उद्योग. जाड सुई पिन व्हाइसमध्ये (बारीक हत्यार पकडायच्या मुठीत) धरून, डायमोची (लेबल छापायची) जाड टेप पट्टीसारखी चिकटवून, हलक्या हाताने पाच-सहा वेळा ओढायची. दाबलं की सुई घसरते. मॅचबॉक्सचं उलटं, त्यांच्या रेषा एवढ्या खोल की नांगरट झाल्यासारखी, तिथे कोरण्याऐवजी पुट्टी भरून परत बारीक कोरावं लागतं. खऱ्या पत्र्यांमधली फट एखाद-दोन मिलिमीटर, ती १/७२ ला डोळ्याला दिसायलाच नको, म्हणजे प्रत्येक कोरलेली रेषा ही थोडी थापच असते. जेवढी कमी थाप तेवढं बरं.

कॉकपिट

स्पिटफायरच्या कॉकपिटला फरशी नव्हती, पायलटच्या टाचांखाली दोन पट्ट्या आणि खाली उघडा सांगाडा. ही एक गोष्ट माहीत असली की अर्धं काम सोपं होतं, कारण बरेच लोक आधी सपाट फरशी बसवतात आणि मग खुर्ची उंच का दिसते म्हणून डोकं खाजवतात. बाजूच्या भिंती आतून पातळ करून त्यावर ०.२५ मिमीच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे सांगाड्याच्या फ्रेम. उजवीकडे चाकं वर-खाली करायचा दांडा, डावीकडे थ्रॉटल, मध्ये कंट्रोल स्टिक आणि तिच्या डोक्यावर गोल कडं, ते तारेच्या एका वेढ्याचं होतं. डावीकडचा दरवाजा खाली उघडा दाखवला तर आतलं काम दिसतं, नाहीतर एवढा खटाटोप काचेखाली गडप होतो. पॅनलच्या मधोमध सहा तबकड्यांचा गट, प्रत्येक तबकडी जेमतेम १ मिमी, तिथे आकडे रंगवायच्या भानगडीत पडू नये, काळ्या शीटवर भोकं पाडून मागे पांढरा ठिपका आणि वरून चमकदार वार्निशचा थेंब एवढं पुरतं. सीटबेल्टच्या पट्ट्यांसाठी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटामागचं ॲल्युमिनियम फॉइल उत्तम, वाकवलं तसं राहतं. आतला रंग करडा-हिरवा.

फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला उतरताना खाली येणाऱ्या झडपा, उघडे दाखवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. जमिनीवर उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप सहसा वरच असायचे, म्हणून तो वेळ एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखाचा हलणारा भाग) कापून किंचित खाली झुकवण्यात घालवावा, ते खरं दिसतं.

सामान कुठून आणायचं

एव्हरग्रीनच्या स्टायरीन शीट आणि पट्ट्या ऑनलाइन मागवता येतात पण महाग पडतात, आणि पाव मिलिमीटरच्या पट्टीची तर आपल्या गावात पण सोय आहे. एकदा वापरून टाकायच्या पांढऱ्या वस्तू तळाशी उलट्या करून बघायच्या, त्रिकोणात ६ असेल तर पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचंच प्लास्टिक, किटच्या ग्लूने विरघळून जोडलं जातं. श्रीखंडाच्या डब्यावर बहुतेक ५ असतो, ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला हा ग्लू धरतच नाही, कितीही लावा. जुन्या सीडीचं पारदर्शक कव्हरही पॉलिस्टायरीनच, गनसाइटची काच आणि पंखावरचे दिवे त्यातून होतात.

तारेसाठी मोटार रिवाइंडिंगचं दुकान. मराठवाड्यात बोअर आणि विहिरींच्या मोटारी व्होल्टेजच्या खेळात जळतच असतात, त्यामुळे तालुक्याच्या कुठल्याही गावात तांब्याच्या वार्निश तारेचे तुकडे मिळतात. ३६ गेजची तार ०.१९ मिमी, म्हणजे खऱ्या मापात १४ मिमीचा पाइप, चाकाच्या दांड्यावरच्या ब्रेक पाइपला बरोबर. ४० गेज ०.१२ मिमी, ती विजेच्या वायरींसाठी. पोकळ नळी हवी तर इंजेक्शनची न वापरलेली सुई, २६ नंबरची बाहेरून ०.४६ मिमी, पण सुईचा नंबर आणि तारेचा नंबर एकच माप नाही, तिथे घोटाळा होतो. बारीक कानशी आणि चिमटे सराफाच्या हत्यारांच्या दुकानात, डोळ्याला लावायचं भिंग घड्याळवाल्याकडे.

रेडियमवाला हा तर हुकमी माणूस. गाड्यांवर नावं कापणारं त्याचं मशीन यूएमसारखी अक्षरं आणि गोल राउंडेलचे (हवाई दलाच्या गोल खुणेचे) मास्क कापून देतं, १० मिमीच्या आसपासपर्यंत कड साफ येते. त्या व्हिनाइलचा चिकटपणा जास्त असतो म्हणून आधी एक-दोनदा कापडावर चिकटवून काढायचं, नाहीतर खालचा रंग उपटून येतो.

चिकटवायला पातळ मॉडेल सिमेंट, धातूला फेविक्विक, मोठी भोकं भरायला एम-सील. फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवली की झटपट पुट्टी होते, पण तासाभरात घासून घ्यावी, नंतर प्लास्टिकपेक्षा कडक होते. पीव्हीसी पाइपाचं सोल्युशन वापरू नये, दाट असतं आणि बारीक पार्ट खाऊन टाकतं. साइनबोर्डवाले ॲक्रिलिकला क्लोरोफॉर्म लावतात, ते पॉलिस्टायरीनलाही जोडतं खरं, पण बंद खोलीत त्याचा वास घेणं धोक्याचं आहे, त्यापेक्षा मॉडेलचं सिमेंट दोन पैसे जास्त देऊन घ्यावं.

काच

जुन्या किटची कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, १ मिमी जाड असली तर खऱ्या मापात ती ७२ मिमी झाली. उपाय म्हणजे किटच्या कॅनॉपीत एम-सील भरून तिचाच ठसा करायचा, तो पाणीपेपरने थोडा बारीक करायचा, आणि पारदर्शक पातळ शीट मेणबत्तीवर किंवा हीट गनने नरम करून त्यावर ओढायची. पहिल्या खेपेला क्वचितच जमते, शीट स्वस्त असते तेव्हा ओढत राहायचं. उघड्या दरवाज्यासोबत कॅनॉपी मागे सरकवलेली दाखवायची असेल तर हे करावंच लागतं, जाड काच मागच्या भागावर बसतच नाही.

ऊन, धूळ आणि पाणी

एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर गेला की एअरब्रशमधला ॲक्रिलिक रंग मॉडेलवर पोचायच्या आत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. रिटार्डर (रंग उशिरा सुकवणारं द्रव) घालायचं किंवा सकाळी लवकर, नाहीतर रात्री रंगवायचं, अर्थात लोडशेडिंग नसेल तर. पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवलेले पंख वाकतात. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत लॅकर मारला की पांढरट पडतो.

डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, भिजवायला बोअरचं पाणी घेऊ नये, क्षार एवढे की सुकल्यावर पांढरे डाग राहतात, आरओचं घ्यावं. जुन्या किटचे पिवळे पडलेले डीकल खिडकीच्या काचेला आतून टेपने लावून काही दिवस उन्हात ठेवले तर पुष्कळ उजळतात, आणि ऊन ही गोष्ट इथे कमी नाही.

सगळ्यात शेवटी एरियलची तार. किटची चौकट म्हणजे स्प्रू, तिचा तुकडा मेणबत्तीच्या वर धरून मऊ करायचा, ज्योतीतून बाहेर काढून मग ओढायचा, जेवढा पटकन ओढाल तेवढा धागा बारीक. तो खांबापासून रडरपर्यंत फेविक्विकच्या टिपक्याने लावला आणि सैल पडला तर पेटती अगरबत्ती खालून जवळ न्यायची, न टेकवता, धागा आपोआप ताणला जातो. १९४० सालच्या उत्तरार्धातल्या स्पिटफायरना शेपटीच्या दोन्ही टोकांपासून धडापर्यंत आयएफएफच्या (आपलं की शत्रूचं विमान ते रडारला कळवणाऱ्या यंत्रणेच्या) तारा आल्या होत्या, म्हणून फोटोची तारीख बघून त्या लावायच्या की नाही ते ठरवावं. धूळ झटकताना याच तारा पहिल्यांदा तुटतात, म्हणून मऊ ब्रश नेहमी पुढून मागे फिरवावा आणि शक्य असेल तर मॉडेल काचेच्या पेटीत ठेवावं.