नवीन सदनिका घेताना आपल्या बाजूचा माणूस
(सांगली, मिरज व कुपवाड परिसरातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नवीन बांधकामाच्या साइटवर गेल्यावर चहा-पाणी विचारणारा, नमुना सदनिका दाखवणारा, हप्त्यांचा हिशोब कागदावर मांडून देणारा आणि जाता जाता "सोमवारपासून दर वाढतोय" असे सांगणारा माणूस बिल्डरच्या पगारावर असतो. त्यात त्याचे काही चुकत नाही, ते त्याचे कामच आहे. मात्र टेबलाच्या अलीकडे आयुष्यभराची शिल्लक आणि वीस वर्षांचे कर्ज घेऊन बसलेल्या कुटुंबाच्या वतीने तोच कागद वाचणारे सहसा कोणीही नसते. आमची पेढी खरेदीदाराचा एजंट म्हणून हे काम करते.

एजंट म्हटले की आपल्याकडे दोन्हीकडून दलाली घेणारा मध्यस्थ डोळ्यांसमोर येतो, आणि हा समज अगदीच निराधार आहे असे आम्हीही म्हणणार नाही. 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली. महारेराकडील, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडील, त्याचा क्रमांक 'ए' या अक्षराने सुरू होतो, तर प्रकल्पाचा क्रमांक 'पी' ने. परंतु नोंदणी झालेला एजंट कोणाच्या बाजूने बोलणार, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. त्यामुळे मेहनताना कोणाकडून घेणार, हे त्याला पहिल्याच भेटीत विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. आम्ही खरेदीदाराकडून आधी ठरलेली ठोक रक्कम घेतो. बिल्डरने काही दलाली दिलीच, तर ती या ठोक रकमेतून वजा करतो.

दराविषयी एक गोष्ट अनुभवाची आहे. चालू प्रकल्पात बिल्डर कागदोपत्री दर सहसा कमी करत नाही, कारण नोंदवलेल्या दस्ताची सूची क्रमांक 2 (किमतीसह व्यवहाराचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर कोणालाही पाहता येते आणि पुढचा ग्राहक तोच आकडा त्याच्यापुढे धरतो. आम्हीही बोलणीस बसण्यापूर्वी त्याच इमारतीतील आधीच्या सूची काढून पाहतो. दर हलत नसेल, तर किचन ट्रॉली, जादा विजेचे पॉइंट, खिडक्यांच्या जाळ्या किंवा दस्ताचा खर्च यांत सवलत मिळू शकते. मात्र ती करारनाम्यात शब्दांत उतरली पाहिजे.

याहून मोठी रक्कम पुष्कळदा जीएसटीत अडकलेली असते. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेचे चटईक्षेत्र (भिंतींच्या आतील वापराची जागा) सांगलीसारख्या महानगराबाहेरील शहरात 90 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे 968 चौरस फूट, आणि एकूण किंमत 45 लाखांपर्यंत असेल, तर कर 1 टक्का लागतो; दोहोंपैकी एकही मर्यादा ओलांडली की 5 टक्के. या किमतीत पार्किंग आणि विकास आकारही धरले जातात. म्हणून 44 लाखांची सदनिका आणि 2 लाखांचे बंदिस्त पार्किंग मिळून 46 लाख झाले, तर कर 2 लाख 30 हजार होतो, आणि तोच व्यवहार 45 लाखांत बसला असता, तर 45 हजारांवर भागले असते. (उघड्या पार्किंगचे वेगळे पैसे मागितल्यास ते देऊच नयेत, ती जागा बिल्डरला विकता येत नाही.) इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या सदनिकेवर जीएसटी लागत नाही, ही गोष्टही साइटवर कोणी आपणहून सांगत नाही.

सांगलीत घर पाहताना पुराचा प्रश्न टाळून चालत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा शहरात शिरले. प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आहे की लाल रेषेबाहेर (निळी रेषा नदीकडची, लाल त्यापलीकडची, क्वचित येणाऱ्या अतिमोठ्या पुराची), हे आम्ही मंजूर नकाशा आणि पूररेषेचा नकाशा शेजारी ठेवून पाहतो. त्यानंतर त्या गल्लीतल्या दुकानदाराला "2019 ला पाणी कुठवर होतं?" असे विचारतो. तो बहुधा भिंतीवर हात ठेवूनच दाखवतो, आणि मग लिफ्टची मोटर व विजेचे मीटर त्या हाताच्या वर बसवले आहेत का, हे पाहायला आम्ही इमारतीत जातो.

आपल्याकडील अनेक अपार्टमेंट लहान असतात. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे अशा इमारतीची कोणतीही माहिती संकेतस्थळावर सापडत नाही. ग्राहकाला सर्वांत जास्त सोबत लागते ती येथेच. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, बिगरशेती आदेश, प्लॉट गुंठेवारीतला (गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला) असल्यास नियमितीकरणाचा दाखला, आणि मालकी हक्काचा वकिलाने काढलेला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, एवढे कागद जमवायला तलाठी कार्यालयापासून महापालिकेपर्यंत फेऱ्या माराव्या लागतात.

नोंदणीकृत प्रकल्पात किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम करारनामा नोंदवण्यापूर्वी घेता येत नाही. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले असतात. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यानुसार जोत्यापर्यंत जास्तीत जास्त 45 टक्के आणि सर्व स्लॅब पूर्ण होईपर्यंत 70 टक्के मागता येतात. मागणीपत्र आले की आम्ही साइटवर जाऊन स्लॅब मोजतो आणि मगच ग्राहकाला पैसे सोडण्यास सांगतो.

ताबा घेण्याच्या दिवशी आमच्या पिशवीत टेप, टेस्टर, एक रुपयाचे नाणे आणि पाण्याचा मग असतो. नाण्याने टाइल वाजवली की पोकळ बसलेली टाइल वेगळा आवाज देते. मगभर पाणी बाथरूमच्या दूरच्या कोपऱ्यात ओतून ते जाळीकडे जाते की उंबऱ्याकडे, हे पाहतो. गेल्या पावसाळ्यात एका घरी ते सरळ बेडरूममध्ये आले, आणि बिल्डरच्या माणसाला तेथेच उभे करून फरशी उकरून उतार पुन्हा काढून घ्यावा लागला. रेराप्रमाणे बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे बिल्डरवर असली, तरी किल्ली हातात येण्यापूर्वी लिहून दिलेली दोषांची यादी जितक्या लवकर पूर्ण होते, तितक्या लवकर नंतरचा अर्ज होत नाही. भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरास योग्य असल्याच्या दाखल्याची) प्रत पाहिल्याशिवाय ताबापावतीवर सही करू नये.

आम्ही वकील नाही आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरही नाही. ती कामे त्या त्या माणसाकडूनच करून घेतो आणि त्यांची फी वेगळी असते. आपल्या घरात बांधकामातील जाणते कोणी असेल आणि इमारत भोगवटा प्रमाणपत्रासह तयार असेल, तर आमची गरज कदाचित भासणार नाही, आणि तसे आम्ही स्पष्ट सांगतो. साइटवर एकटे जाऊन आलात आणि भेट नोंदवहीत नाव लिहिलेत, तर बिल्डर आपल्याला थेट आलेला ग्राहक धरतो आणि पुढे आमच्यासोबत बोलायला अनेकदा तयार होत नाही. म्हणून शक्यतो पहिल्या फेरीलाच बरोबर जावे.

पहिली भेट विनामूल्य असते. येताना प्रकल्पाचे पत्रक, दरपत्रक आणि बँकेने कर्जाचा आकडा सांगितला असल्यास तो कागद आणावा. बुकिंगचा चेक मात्र तोपर्यंत लिहू नये.